कावळ्याच्या घरट्यातले कोकिळेचे पिल्लू

एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत गुलमोहर फुलू लागतो, त्याच सुमारास इमारतींच्या आवारांतील पर्जन्यवृक्षांवर, बदामांवर आणि आंब्यांवर कावळ्यांची घरटी आकार घेऊ लागतात. काटक्या, खराट्याच्या काड्या आणि तारांचे तुकडे वापरून केलेले हे बांधकाम तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून स्पष्ट दिसते. त्याच झाडांच्या आसपास पहाटेपासून कुहूकुहू सुरू असते. हा स्वर नराचा, म्हणजे काळ्याभोर अंगाच्या आणि लाल डोळ्यांच्या कोकिळाचा असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची असून ती ‘किक्-किक्-किक्’ असा तीव्र आवाज काढते. दाट पानांत बसली की ती सहसा लक्षातही येत नाही.

कोकिळा स्वतः घरटे बांधत नाही, कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते, हे शाळेपासून सर्वांना ठाऊक असते. मात्र खिडकीत नियमाने बसून पाहणाऱ्याला सर्वात आधी नजरेत भरतो तो कावळ्यांचा त्वेष. कोकीळ घरट्याजवळ फिरकला की कावळे त्याच्यामागे सुसाट सुटतात आणि दोन-तीन इमारती ओलांडेपर्यंत पाठलाग सोडत नाहीत. नर मुद्दाम कावळ्यांना चिथावून दूर नेतो आणि तेवढ्या वेळात मादी अंडे घालून जाते, असे वर्णन अनेक ठिकाणी आढळते. निरीक्षकाने येथे जरा सावध राहावे. नर आला, दोन्ही कावळे त्याच्यामागे गेले आणि घरटे काही मिनिटे राखणीविना राहिले, ही झाली नोंद. त्याने ‘मुद्दाम’ तसे केले, हा झाला अर्थ. वहीत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्या, तर पुढे तोच प्रसंग किती वेळा आणि कोणत्या क्रमाने घडला हे तपासता येते.

अशी तपासणी न झालेली एक समजूत फार रुजली आहे. कोकिळेचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच कावळ्याची अंडी आणि पिल्ले ढकलून देते, असे बरेच जण सांगतात. ही कथा मुख्यतः युरोपातील कुक्कू या पक्ष्याची आहे. देवीच्या लसीमुळे प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड जेन्नर यांनीच 1788 मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले होते: डोळेही न उघडलेले ते पिल्लू पाठीवरच्या खोलगट भागात यजमानाचे अंडे पेलते आणि घरट्याच्या काठावरून खाली लोटते. आपल्या कोकिळेचे पिल्लू साधारणपणे असे करत नाही. कोकिळेची अंडी 12 ते 14 दिवसांत उबतात, त्यामुळे तिचे पिल्लू कावळ्याच्या पिल्लांच्या सुमारे तीन दिवस आधी बाहेर येते आणि अन्नाच्या वाट्यात आघाडी घेते. तरीही त्याच घरट्यात कावळ्याची पिल्ले वाढू शकतात. कावळ्याचे घरटे खोल आणि अंडी मोठी असतात. ती बाहेर लोटण्याच्या खटपटीत लहानग्या पिल्लाची शक्ती खर्ची पडेल किंवा तेच खाली पडेल, असे एक स्पष्टीकरण अभ्यासकांनी सुचवले आहे. अंडे घालण्यापूर्वी मादी कधीकधी कावळ्याचे एखादे अंडे काढून टाकते, त्यामुळे नुकसान होतच नाही असे मात्र नाही.

मग एवढा हुशार पक्षी परके पिल्लू का भरवतो? प्राणिवर्तनशास्त्राचे एक प्रवर्तक निको टिनबर्गेन यांनी 1963 मध्ये दाखवून दिले की, अशा ‘का’मध्ये चार प्रश्न दडलेले असतात: वर्तन कोणत्या उद्दीपनाने सुरू होते, ते प्राण्याच्या आयुष्यात कसे घडत जाते, त्याचा जगण्याला उपयोग काय आणि उत्क्रांतीत ते कोठून आले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर खिडकीतूनही बरेचसे मिळते, कारण वासलेली चोच आणि सततचा आक्रोश यांपुढे पालक पक्षी घास टाकतोच. तिसऱ्या प्रश्नासाठी तोट्याचा विचार करावा लागतो. कोकिळेचे अंडे लहान असले तरी कावळ्याच्या अंड्यासारखेच फिकट हिरवट आणि ठिपकेदार असते. ते ओळखून फेकण्याच्या सवयीत स्वतःचे अंडे फेकले जाण्याचा धोका राहतो. कावळ्याचा सारा बंदोबस्त अंडे पडण्यापूर्वीच का दिसतो, याचे उत्तर मला या हिशेबात सापडते. त्याला मूर्ख ठरवणे म्हणूनच घाईचे वाटते.

कावळ्याने मधल्या बेचक्यात घरटे केले तर पाऊस चांगला आणि शेंड्यावर केले तर दुष्काळ, ही समजूतही अशीच तपासण्याजोगी आहे. कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांचे पावसाचे आकडे उपलब्ध असतात. घरट्यांच्या उंचीच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यांच्या शेजारी मांडायला हव्यात.

पिल्ले घरट्याबाहेर पडली की पाहण्यासारखे पुष्कळ असते. फांदीवर बसून कावळ्याकडे घास मागणारे पिल्लू अंगाने सडपातळ आणि शेपटीने लांब असेल, तर ते कोकिळेचे असण्याची शक्यता मोठी आहे. कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यातील आपल्या पिल्लाला भरवताना क्वचित आढळली आहे, म्हणून ठिपकेदार पक्षी घरट्याजवळ दिसताच तो पुन्हा अंडे घालायलाच आला असे गृहीत धरू नये. झाडावर चढून घरट्यात डोकावणे टाळावे. त्याने पिल्ले धोक्यात येतात आणि या दिवसांत कावळा डोक्यावर टोच मारतो, हा अनुभव मुंबईकरांना नवा नाही. दुर्बीण आणि खिडकी पुरेशी आहे. प्रौढ पक्षी पिल्लाला भरवत असल्याची नोंद ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख आणि ठिकाणासह करता येते; तिच्याबरोबर त्याच घरट्यातून कावळ्याचे पिल्लूही बाहेर आले का, हे लिहायला विसरू नये.