रेगेचा ठेका आधी प्रार्थनेचा होता

जमैकातल्या रेगे संगीताने आपल्याला बदललं, असं चाहते सांगतात तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटत नाही. या संगीताचा गाभाच उपासनेत घडलेला आहे.

२ नोव्हेंबर १९३० रोजी रास तफारी हे हैले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट झाले. जमैकात गुलामगिरी संपून तेव्हा शंभर वर्षंही झाली नव्हती. लेनर्ड हॉवेल हे उपदेशक तिथल्या गोरगरिबांना सांगू लागले, हा आपला राजा आहे आणि देवही. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास भोगला. हॉवेल यांनी स्वतःसाठी 'गंगुनगुरू मराघ' असं नाव घेतलं होतं. १८४५ पासून उसाच्या मळ्यांवर आलेल्या भारतीय मजुरांची ही खूण; 'मराघ' म्हणजे महाराज.

पुढे रास्ताफारी मंडळी, म्हणजे रास तफारींना देव मानणारे लोक, न्याबिंगी नावाच्या मेळ्यांत रात्र रात्र स्तोत्रं गात. सोबत तीन ढोल. मोठा बेस खोल घुमतो, रिपीटर वरच्या पट्टीत मोकळा खेळतो आणि मधला फुंडे अखंड दोन-दोन ठोके देतो, काळजाच्या ठोक्यासारखे. फुंडेवाल्याने घाई करायची नाही, पुढे पुढे करायचं नाही. मला तर संयमाची खरी तालीम इथेच दिसते. १९६० च्या सुमारास ढोलवादक काउंट ऑसी यांनी हे ढोल 'ओ कॅरोलिना' या गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवले आणि मेळ्यातला ठेका रेडिओवर पोचला. 'रेगे' हा शब्द रूढ झाला तो १९६८ नंतर.

शब्दही तिथूनच आले. बायबलमधल्या १३७ व्या स्तोत्रात बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणारे बंदिवान आहेत. रास्ताफारींनी त्या बाबेलमध्ये आपल्यावर राज्य करणारी व्यवस्था ओळखली. 'मी' आणि 'तू' यांच्या जागी ते 'आय अँड आय', म्हणजे 'मी आणि मी', म्हणतात. देव माझ्यात आहे तसाच समोरच्यातही, मग त्याला परका कसं म्हणायचं?

बोलायला हे सोपं. डिसेंबर १९७६ मध्ये रेगे गायक बॉब मार्ली यांच्यावर घरात घुसून गोळीबार झाला. दीड वर्षाच्या आत, २२ एप्रिल १९७८ रोजी, ते जमैकाची राजधानी किंग्स्टनच्या मंचावर परतले. ज्यांचे समर्थक रस्त्यावर एकमेकांचे जीव घेत होते, त्या मायकेल मॅन्ली आणि एडवर्ड सिआगा या प्रतिस्पर्धी राजकीय नेत्यांना त्यांनी वर बोलावलं. दोघांचे हात धरले, आपल्या डोक्यावर उंच नेऊन एकत्र केले. आणि गाणं चालूच ठेवलं.