महामार्ग झाडणाऱ्यांच्या पाठीशी उभा राहिलेला ट्रक

रस्ता झाडायचं यंत्र फार आधी आलं. जोसेफ व्हिटवर्थ यांचं घोड्यांनी ओढायचं यंत्र १८४०च्या दशकात मँचेस्टरचे रस्ते झाडत होतं. मोटारीवर चालणारं एल्जिन यंत्र १९१३ मध्ये अमेरिकेतल्या बॉइसी शहराने घेतलं. दोन्ही यंत्रं शहरातल्या संथ रहदारीसाठी होती. द्रुतगती मार्ग आले आणि सगळं गणितच बदललं. ताशी १०० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते, आणि पुढे झाडणी यंत्र कूर्मगतीने चाललेलं असतं. कचरा कसा उचलायचा हे ठाऊक होतं. उचलणाऱ्याची पाठ कोण राखणार, हा प्रश्न नवा होता.

पहिली उत्तरं साधी होती. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यावर पट्टे रंगवणाऱ्या विभागातल्या चार्ल्स स्कॅनलन यांना १९४३ मध्ये रबरी शंकूचं पेटंट मिळालं. झळकणारी जाकिटं १९६४ मध्ये ग्लासगोच्या रेल्वे कामगारांनी वापरून पाहिली. अमेरिकेत मात्र केंद्राच्या निधीतल्या महामार्गांवर काम करणाऱ्यांना ती सक्तीची व्हायला २००८ उजाडलं. इतक्या स्वस्त गोष्टीला इतकी वर्षं लागावीत, याचं वाईट वाटतं.

पण शंकू आणि जाकीट समोर पाहणाऱ्या चालकासाठी. ज्याचं लक्षच नाही त्याचं काय? इथे १९७०च्या दशकात टेक्सासमधल्या संशोधकांनी मोठं काम केलं: ट्रकच्या मागे धडक झेलणारी गादी. झाडणी यंत्रामागे हा जड ट्रक चालतो, त्यावर बाणाचे दिवे लुकलुकत असतात. भरधाव गाडी येऊन आदळली की गादीतली ॲल्युमिनियमची जाळी घडीघडीने चुरगळते आणि धडकेचा जोर स्वतःत जिरवते. त्यामुळे आदळणाराही वाचू शकतो. तरीही धक्क्याने ट्रक पुढे सरकतोच. म्हणून ट्रक आणि यंत्र यांच्यात मोकळं अंतर ठेवतात आणि तिथे कुणीही पायी उतरायचं नाही, हा नियम. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा नियम हाच.

टायरची फाटलेली पट्टी उचलायला माणूस लेनमध्ये धावत जायचा, तेही आता कमी होतंय. काही ठिकाणी ट्रकच्या पुढे तिरपं पातं लावतात. चालक केबिनमधून न उतरता ती पट्टी कडेला लोटतो आणि यंत्र ती तिथून नंतर उचलतं.