नर्सिंग: मूल्यं आणि बदलत गेलेलं काम

नर्सिंग म्हणजे पेशंटची काळजी घेणं, औषधं-इंजेक्शनं वेळेवर देणं आणि तब्येतीत फरक पडतोय हे सगळ्यात आधी ओळखून हालचाल करणं, आणि हे सगळं रीतसर शिकून, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन घेऊन. पुस्तकी मराठीत परिचर्या. महाराष्ट्रात सरकारी कागदावर स्टाफ नर्सला अधिपरिचारिका, वॉर्डच्या इन्चार्जला परिसेविका आणि मेट्रनला अधिसेविका म्हणत आले, पण वॉर्डात हाक एकच, सिस्टर, आणि पुरुष असेल तर ब्रदर. या पेशाची मूल्यं म्हटली की आपण 'सेवाभाव' म्हणून मोकळे होतो, पण खरा बदल झालाय तो दुसऱ्याच प्रश्नावर, नर्स बांधील कोणाला, डॉक्टरला की पेशंटला?

आधुनिक नर्सिंगची सुरुवात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून धरतात. क्रिमियन युद्धात १८५४ साली ती स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात गेली आणि १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिच्या नावाची ट्रेनिंग स्कूल निघाली. शाळेत आपल्याला फक्त दिवा घेतलेली बाई शिकवतात, पण बाई आकडेवारीची पक्की होती, सैनिक जखमांपेक्षा घाणीतून पसरणाऱ्या रोगांनी जास्त मरतायत हे तिने चक्क तक्ते काढून सरकारच्या गळी उतरवलं. तिच्या नावाने घेतात ती शपथ मात्र तिने लिहिलेली नाही, ती १८९३ ची, अमेरिकेतल्या डेट्रॉइटची, आणि तिच्यात डॉक्टरांना निष्ठेने मदत करेन असं वचन होतं. आपल्याकडे लॅम्प लायटिंगला, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या दिवे लावायच्या समारंभात, अजूनही ही शपथ म्हणतात. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेस या नर्सेसच्या जागतिक संघटनेच्या १९५३ च्या आचारसंहितेतही डॉक्टरांच्या ऑर्डर निष्ठेने पाळा असं होतंच. ते बदललं १९७३ मध्ये, तेव्हा संहितेत आलं की नर्सची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या माणसांप्रती आहे. कागदावर एक वाक्य बदललं, वॉर्डात ते उतरायला बराच वेळ गेला.

उतरतं म्हणजे काय, तर हे बघा. पोटॅशियम क्लोराइड सलाईनमध्ये मिसळून हळूहळू सोडायचं असतं, थेट शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. आता घाईत लिहिलेल्या ऑर्डरवर नुसतंच 'आयव्ही', म्हणजे शिरेतून, असेल तर सिस्टरने फोन उचलून 'सर, कशात डायल्यूट करू, किती तासांत देऊ' हे विचारायलाच पाहिजे, मग रात्री तीनला उठवलेला रेसिडेंट डॉक्टर खेकसला तरी चालेल. योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य वेळ, योग्य मार्ग हे पहिल्या वर्षाला घोकून घेतात ते यासाठीच. 'ऑर्डर होती म्हणून दिलं' हे उत्तर पुरत नाही, हात तिचा होता तर जबाबदारीही तिची.

महाराष्ट्रात या कामाला आधी मानच नव्हता. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, बेडपॅन उचलायचं, नाईट करायची हे पांढरपेशा घरांना पचत नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला ख्रिश्चन मिशनच्या हॉस्पिटलांतून आलेल्या बायकाच जास्त. १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानड्यांनी हिंदू बायकांना, त्यातही विधवांना, नर्सिंगकडे वळवलं.

मूल्यांची सगळ्यात अवघड परीक्षा मुंबईच्या केईएममध्ये झाली. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, आणि त्या १८ मे २०१५ ला जाईपर्यंत बहुतेक सगळा काळ तिथल्याच नर्सेसनी त्यांना सांभाळलं. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, पाठ पुसून कोरडी करायची, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही, आणि एवढ्या वर्षांत बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होऊ दिला नाही. शेवटी शेवटी सांभाळणाऱ्यांतल्या कित्येक जणी १९७३ ला जन्मल्याही नव्हत्या. दयामरणाचा अर्ज सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा नर्सेसनी कडाडून विरोध केला, आणि ७ मार्च २०११ च्या निकालात कोर्टाने अर्ज फेटाळताना अरुणाच्या वतीने बोलायचा हक्क अर्ज करणाऱ्यांचा नाही, हॉस्पिटलच्या स्टाफचा मानला. त्याच निकालाने काही अटींवर, हायकोर्टाच्या परवानगीने, उपचार थांबवायची वाटही उघडली. पण स्वतः पेशंटला काय हवं असतं हे तिला सांभाळणारी सांगू शकते का, यावर नर्सिंगच्या वर्गात आजही वाद घालता येतो, आणि घालावाच.

कामाची व्याप्तीही खूप वाढली. खेड्यात उपकेंद्रावरची नर्सबाई म्हणजे एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) लसीकरण, गरोदर बायकांची तपासणी, रजिस्टरं, सर्व्हे सगळं एकटी ओढते. शिक्षणात एएनएम, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हे डिप्लोमा, मग ४ वर्षांचं बीएस्सी आणि पुढे एमएस्सी, पीएचडीपर्यंत वाट आहे. क्रिटिकल केअरमध्ये नर्स प्रॅक्टिशनरचा २ वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स आला, आणि २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दीड वर्षाचं मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपण करण्याचं, ट्रेनिंग घेतलेल्या नर्सने नॉर्मल डिलिव्हरीची जबाबदारी स्वतः घ्यायची, डॉक्टर गुंतागुंत झाली तर. केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्टाफ नर्सचं पदनाम नर्सिंग ऑफिसर केलं, आणि १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोगाचा कायदा आला.

पगार आणि माणसं इथे मात्र गाडी अडकते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नॉर्मनुसार टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात ३ पेशंटमागे १ नर्स हवी, आयसीयूत १ ला १. खाजगी हॉस्पिटलांसाठी २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने शिफारस केली की ५० पेक्षा कमी खाटा असतील तरी पगार किमान २०,००० रुपये हवा. शिफारसच ती, आरोग्य राज्यांचा विषय, अंमलबजावणी त्यांच्यावर. त्यामुळे नुकतीच पास झालेली मुलगी आधी हिशोब करते की इथल्या नर्सिंग होममध्ये राहायचं, सरकारी भरतीची वाट बघायची की जर्मनीत नोकरीला जायला जर्मन भाषेचा क्लास लावायचा.