कोनाडा, खुंटी, फडताळ : घटकाचा साचा निवडताना

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील एका जुन्या मराठी वाड्याची मोजमापे घेऊन आम्ही त्याचे प्रारूप रेव्हिट या इमारतींची त्रिमितीय प्रारूपे घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उभारले. २००० साली बाजारात आलेल्या आणि २००२ पासून ऑटोडेस्क कंपनीकडे असलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये भिंती, मजले, जिने यांची सोय आधीपासूनच असते. परंतु कोनाडा, खुंटी, फडताळ किंवा तळखड्यावर म्हणजे पायाच्या दगडावर उभा असलेला सागवानी खांब या वस्तू आपल्यालाच घडवाव्या लागतात. अशा घटकाला तेथे फॅमिली म्हणतात. नवी फॅमिली सुरू करताच, एक रेघही ओढण्यापूर्वी, टेम्प्लेटची म्हणजे साच्यांची लांबलचक यादी समोर येते आणि बहुतेक जण वस्तूच्या नावाशी जुळणारा साचा उचलतात. माझ्या मते वस्तू कशाच्या आधाराने राहणार आहे, हे त्याआधी ठरवावे. कारण वस्तूचा वर्ग, म्हणजे ती खिडकी, खांब, फर्निचर यांपैकी कशात मोडते ते, पुढे बहुधा बदलता येतो, साच्याने ठरवलेला आधार मात्र बदलता येत नाही.

कोनाड्याचेच पाहा. 'वॉल बेस्ड' म्हणजे भिंतीच्या आधाराच्या साच्यात नमुन्याची एक भिंत आधीच उभी असते. तिच्यातून कोनाड्याच्या आकाराची पोकळी वजा केली, की प्रकल्पात तो कोनाडा ज्या भिंतीवर ठेवू ती भिंत तेवढीच कोरली जाते आणि भिंत सरकली की कोनाडाही तिच्याबरोबर सरकतो. मात्र भिंत पुसली, की तिच्यातले कोनाडेही पुसले जातात. माजघराच्या एका भिंतीची जागा चुकली होती, म्हणून मी ती पुसून नव्याने काढली. तिच्यातले नऊ कोनाडे नाहीसे झाल्याचे त्या बाजूचे चित्र छापायला घेतले तेव्हा ध्यानात आले.

खुंटीला 'फेस बेस्ड' म्हणजे पृष्ठभागाच्या आधाराचा साचा बरा, कारण तिला केवळ एक पृष्ठभाग लागतो, मग तो भिंतीचा असो वा खांबाचा. तो आधार पुसला गेला तरी खुंटी जागेवरच राहते, फक्त तिचे नाते तुटते. शिवाय दुसऱ्या फाइलमधून जोडलेल्या प्रारूपातील भिंतीवरही ती बसवता येते, म्हणून वास्तुरचनाकार आणि विजेचे काम पाहणारे वेगवेगळ्या फाइलींत काम करतात तेथे दिव्यांसाठीही हाच साचा उपयोगी पडतो. अशी जोडलेली भिंत कोरता मात्र येत नाही.

खांबाचा साचा मला सर्वांत देखणा वाटतो. त्यात खालची आणि वरची अशा दोन पातळ्या आधीच आखलेल्या असतात. तळखडा खालच्या पातळीला आणि तुळईखालचे लाकूड वरच्या पातळीला ठरावीक मापाने जखडून टाकले, की मजल्याची उंची बदलल्यावर दगड तेवढाच राहतो आणि मधले सागवान तेवढे लांबते किंवा आखूड होते.

फडताळात प्रश्न वर्गाचा आहे. मजल्याचा नकाशा म्हणजे इमारतीचा आडवा छेद; फर्निचर या वर्गातील वस्तू त्यात कापलेली दिसत नाही, वरून पाहिल्यासारखी दिसते. केसवर्क म्हणजे जागेवर पक्क्या बसवलेल्या कपाटांच्या वर्गातील वस्तू कापलेली दिसते. फडताळ भिंतीचाच भाग असल्याने आम्ही केसवर्क हा वर्ग घेतला. वस्तूंची मोजदादही वर्गानुसारच होते, त्यामुळे झरोका खिडकीच्याच साच्यात केला, म्हणजे खिडक्यांच्या तक्त्यात तो आपोआप येतो.

आधाराविषयी शंका असेल तर निराधार 'जेनेरिक मॉडेल', म्हणजे कोणत्याही खास वर्गाचा नसलेला सर्वसाधारण साचा, घ्यावे, कारण पुढे एक खूण करून त्याला पृष्ठभागावर बसण्याजोगे करता येते. भिंतीच्या साच्यात घडवलेल्या वस्तूला तशी मोकळीक मिळत नाही. तरीही ते नऊ कोनाडे आम्ही पुन्हा भिंतीच्याच साच्यात केले. त्या साच्याला भिंतीच्या दोन्ही बाजू ठाऊक असतात, त्यामुळे कोनाड्यामागे किती जाडीची वीट शिल्लक ठेवायची ते माप मागच्या बाजूपासून बांधून टाकता येते, आणि वाड्याची भिंत कोठे जाड, कोठे बारीक असली तरी कोनाड्याची खोली त्याप्रमाणे स्वतःच बदलते.