पार्श्वभूमी : सायकलची फ्रेम आणि ‘रिसायकल्ड’ अ‍ॅल्युमिनियमचा हिशेब

लग (नळ्यांची टोके ज्यात बसवतात ती खोबण) आणि पितळेच्या जोडाच्या पोलादी फ्रेमने जवळजवळ शतकभर राज्य केले. तिचा तडा टाकणखार लावून, गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून गल्लीतल्या दुकानातही भरून निघतो. १९९०च्या दशकात ६०६१ आणि ७००५ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूंनी मधल्या किमतीचा बाजार काबीज केला आणि ही सोय गेली. ६०६१ची फ्रेम वेल्डिंगनंतर ५३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून झटकन थंड करावी लागते, मग १७५ अंशांवर सुमारे ८ तास ठेवावी लागते. नंतर तडा गेला आणि तेवढीच जागा वेल्ड केली, तर जोडाशेजारची नळी मऊ पडते आणि पुन्हा तिथेच तुटते. कार्बन फायबरमधले इपॉक्सी तर वितळतच नाही. ते भट्टीत जाळून तंतू सुटे केले तरी आखूड आणि विस्कटलेले निघतात.

मग अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूने ‘रिसायकल्ड’चा मुद्दा पुढे आला. १ किलो नवे अ‍ॅल्युमिनियम गाळायला १४-१५ युनिट वीज जाते, भंगार वितळवायला एकूण ऊर्जा त्याच्या सुमारे ५ टक्केच लागते. इथवर वाद नाही. वाद आहे तो भंगार कशाला म्हणायचे, याचा. १९९९पासूनच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याच प्रक्रियेत परत घातलेला तुकडा मोजत नाहीत; पण नळ्यांच्या कारखान्याने विकलेली कात्रणे दुसऱ्याकडे गेली की ती ‘रिसायकल्ड’ ठरतात. तो धातू कदाचित गेल्याच महिन्यात कोळशाच्या विजेवर गाळलेला असतो. त्याचा कार्बनचा भार शून्य धरला, तर जास्त माल वाया घालवणारा कारखाना जास्त ‘हिरवा’ दिसतो. हे चूकच आहे.

खरे अवघड भंगार म्हणजे वापरून फेकून दिलेल्या फ्रेमचे. ढिगात ६०६१ आणि ७००५ सारख्याच दिसतात. ७००५मध्ये ४ ते ५ टक्के जस्त असते, ६०६१ला पाव टक्क्यापलीकडे चालत नाही. वर्गवारी न करता वितळवले की त्यातून ओतीव भाग होतात, फ्रेमची नळी नाही.

आयात मालाच्या उत्पादनात झालेल्या कार्बन उत्सर्जनावर युरोपीय संघ सीमेवर लावतो त्या कार्बन शुल्काचा प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा १ जानेवारी २०२६ला सुरू झाला, तेव्हाही अ‍ॅल्युमिनियमसाठी विजेमागचे उत्सर्जन शुल्कात धरले गेले नाही. शुल्क लागणाऱ्या मालाच्या यादीत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आहेत, पूर्ण सायकल नाही.