व्हेरिटी, हेडली

(१८ मे १९०५ – ३१ जुलै १९४३). इंग्लंडचा डावखुरा फिरकी गोलंदाज. जन्म लीड्समधील हेडिंग्ली येथे. ४० कसोटी सामन्यांत १४४ बळी (सरासरी २४.३७). प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये १,९५६ बळी (सरासरी १४.९०).

लँकेशायरमधील लीग क्रिकेटमध्ये १९२७ साली अ‍ॅक्रिंग्टनकडून व नंतर मिडल्टनकडून खेळताना तो प्रामुख्याने मध्यमगती गोलंदाजी करी. १९२९च्या सुमारास तो फिरकीकडे वळला. हा बदल यॉर्कशायरचा माजी अष्टपैलू व प्रशिक्षक जॉर्ज हर्स्ट याच्या सल्ल्याने झाला, असे सामान्यतः मानले जाते. १९३० मध्ये यॉर्कशायर काउंटीकडून पदार्पण करून त्याने पहिल्याच मोसमात १२.४२च्या सरासरीने ६४ बळी घेतले. त्याच मोसमाअखेर विल्फ्रेड ऱ्होड्स निवृत्त झाला आणि पीट, पील, ऱ्होड्स या यॉर्कशायरच्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांची परंपरा व्हेरिटीकडे आली. तो संघात असताना यॉर्कशायरने सात वेळा काउंटी अजिंक्यपद मिळवले.

१८ मे १९३१ रोजी, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, त्याने वॉरविकशायरविरुद्ध ३६ धावांत दहाही गडी बाद केले. त्याच वर्षी न्यूझीलंडविरुद्ध ओव्हलवर त्याचे कसोटी पदार्पण झाले. १२ जुलै १९३२ रोजी हेडिंग्लीवर नॉटिंगहॅमशायरचा दुसरा डाव ६७ धावांत आटोपला. त्यात व्हेरिटीचे पृथक्करण १९.४ षटके, १६ निर्धाव, १० धावा, १० बळी असे होते. उपाहारापर्यंत पाहुण्यांचा एकही गडी बाद झाला नव्हता. त्यानंतर डाव कोसळला आणि शेवटचे सात बळी त्याने पंधरा चेंडूंत मिळवले. प्रथम श्रेणी सामन्याच्या एका डावात दहा बळींसाठी इतक्या कमी धावा अन्य कोणीही दिलेल्या नाहीत. त्याआधीचा विक्रम जॉर्ज गिअरीचा (१९२९, १८ धावांत १० बळी) होता.

व्हेरिटीच्या गोलंदाजीच्या प्रकाराविषयी मतभेद आहेत. काही समीक्षक त्याला ऱ्होड्सच्या घराण्यातला मंदगती फिरकी गोलंदाज मानतात, तर काही मध्यम-मंदगती. चेंडू टाकण्यापूर्वीची त्याची धाव (रन-अप) मंदगती गोलंदाजाच्या मानाने लांब होती. उंचीमुळे चेंडू वरून पडे आणि टप्प्यानंतर उसळत असे. ऱ्होड्स चेंडूला हवेत उंची देऊन फलंदाजाला फसवी. व्हेरिटीचा भर अचूक टप्पा, वेगातील बारीक फरक आणि मधूनच आत येणारा वेगवान चेंडू यांवर होता. हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

त्याचे यश पावसात भिजलेल्या उघड्या खेळपट्ट्यांचे, असा आक्षेपही घेतला जातो. त्याच्या पुष्ट्यर्थ लॉर्ड्सची १९३४ची कसोटी पुढे केली जाते. शनिवारअखेर २ बाद १९२ अशा भक्कम स्थितीत असलेला ऑस्ट्रेलियाचा संघ, रविवारी विश्रांतीच्या दिवशी पाऊस पडून गेल्यावर, सोमवारी २५ जूनला २८४ व ११८ धावांत बाद झाला. त्या एका दिवसात व्हेरिटीने १४ बळी घेतले. सामन्यात १०४ धावांत १५. दुसऱ्या डावात ब्रॅडमनने उंच मारलेला फटका यष्टिरक्षक एम्सने झेलला. खेळपट्टीने साथ दिली हे खरेच. मात्र कसोटीत डावात पाच वा अधिक बळी घेण्याच्या त्याच्या पाच कामगिऱ्यांपैकी तीन सिडनी (१९३३), मद्रास (१९३४) व केपटाउन (१९३९) येथील, म्हणजे इंग्लंडबाहेरील, आहेत. ब्रॅडमनला कसोटीत सर्वाधिक, म्हणजे आठ वेळा, बाद करणारा गोलंदाजही तोच. एवढे सारे केवळ पावसाच्या पदरात टाकणे अन्यायाचे ठरेल. तथापि १९३६–३७च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याचे बळी महागात पडले, हेही नोंदवले पाहिजे.

डग्लस जार्डिनच्या नेतृत्वाखाली १९३३–३४ मध्ये तो भारतात आला. मुंबईच्या जिमखान्यावर झालेल्या, भारतभूमीवरील पहिल्या कसोटीत तो खेळला. लाला अमरनाथ यांचे शतक आणि विजय मर्चंट यांचे कसोटी पदार्पण याच सामन्यातील. मद्रासला त्याने पहिल्या डावात ४९ धावांत ७ व सामन्यात १५३ धावांत ११ बळी घेतले. कर्णधाराविषयीच्या आदरापोटी त्याने आपल्या मुलाचे नाव डग्लस ठेवले.

फलंदाजीत तो तळाला येई. तरी १९३६–३७च्या दौऱ्यात अ‍ॅडलेडला त्याला सलामीस पाठवण्यात आले. नाबाद ६६ ही त्याची सर्वोच्च कसोटी धावसंख्या भारताविरुद्ध मँचेस्टर येथे (१९३६) नोंदली गेली.

१ सप्टेंबर १९३९ रोजी होव्ह येथे ससेक्सविरुद्धच्या अखेरच्या काउंटी सामन्यात त्याने ९ धावांत ७ गडी बाद केले. युद्धकाळात तो ग्रीन हॉवर्ड्स पलटणीत कॅप्टन होता. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत कातानियाजवळील रात्रीच्या हल्ल्यात तो छातीत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. इटलीतील कासेर्टा येथे युद्धकैदी असताना त्याचे निधन झाले. तेथील युद्ध दफनभूमीत त्याचे थडगे आहे.