पार्श्वभूमी: कोकणातला बोकड आणि उताऱ्याचा घोळ

कोकणात बोकड पूर्वी काट्यावर विकला जात नसे. सौदा उक्ता, नगावर. घेणारा बोकडाच्या कंबरेवर पंजा टाकतो, अंगठा मणक्याच्या एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला. हाड टोचलं तर तोंड वाकडं करतो. मांस हाताला भरीव लागलं तर गप्प राहतो, म्हणजे विकणाऱ्याने भाव वाढवायला हरकत नाही. पशुवैज्ञानिक आज अल्ट्रासाउंड लावून कंबरेच्या ज्या स्नायूचा छेद मोजतात, खाटकाची बोटं तोच स्नायू चाचपत असतात.

शेळी माणसाळली ती दहा हजार वर्षांपूर्वी, इराणच्या डोंगरपट्ट्यात. तिथपासून सिंधुदुर्गापर्यंतचा प्रवास इथे सोडून देऊ. आपल्या कामाचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा आहे. 1970च्या दशकात देशात शेळीसुधारणेचे जे प्रयोग झाले, त्यांत दुधासाठी आल्पाइन आणि सानेन या परदेशी दुधाळ जातींशी केलेल्या संकराला मोठं स्थान होतं. कोकणातली शेळी त्या हिशेबात कुठेच नव्हती. पावसात भिजणारं गावठी जनावर, एवढीच तिची ओळख. पुढे सिंधुदुर्गातल्या काळ्या-पांढऱ्या शेळ्यांकडे लक्ष गेलं: तोंडावर दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे, लांब लोंबते कान, उंच पाय. कुडाळ तालुक्यातल्या एका संशोधन प्रक्षेत्रावर त्यांचा कळप राखला गेला आणि ‘कोकण कन्याळ’ ही जात उस्मानाबादी, संगमनेरी आणि बेरारीच्या जोडीने राष्ट्रीय नोंदीत आली. 2019च्या पशुगणनेत राज्यात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या होत्या. त्यात कोकणाचा वाटा लहान.

दरम्यान बोअर आला. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागातल्या पशुपालकांनी विसाव्या शतकात केवळ मांसासाठी निवडून घडवलेली ही जात. तिच्या पैदासकारांची संघटना 1959 सालची. पूर्ण वाढलेला बोअर बोकड 100 किलोंच्या पुढे जातो. 1990च्या दशकात त्याचे गोठवलेले भ्रूण ऑस्ट्रेलियातून फलटणला आले. मग बंदिस्त शेळीपालनाची लाट उसळली आणि घाटावरचे बोअर-संकरित बोकड ‘पन्नास टक्के रक्त’, ‘पंचाहत्तर टक्के रक्त’ अशा बोलीवर घाट उतरले. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: उतारा.

हा शब्द ऐकायला सरळ वाटतो. जिवंत वजनाच्या शेकडा किती मांस पडतं, तो उतारा. पण कुठलं वजन आणि कुठलं मांस? समजा, संध्याकाळी चरून आलेला बोकड 30 किलो भरला. रात्रभर उपाशी ठेवल्यावर सकाळी तो 27.5 किलो झाला. कापून, सोलून, मुंडी-पाय आणि आतडी काढून धड उतरलं 13.5 किलो. संध्याकाळच्या वजनावर उतारा 45 टक्के, सकाळच्या वजनावर 49. पोटात अजून 4 किलो चारा-पाणी होतं, ते वजा करून हिशेब केला तर 57. खाटकाचा हिशेब आणखी निराळा. मुंडी, पाय, कलेजी, गुर्दे, वजडी हे सगळं तो विकतोच. ते 4.5 किलो धरले तर संध्याकाळच्याच वजनावर 60 टक्के. बोकड तोच, सुरी तीच, आकडे चार. धड गरम असताना तोललं की थंड झाल्यावर, हा फरक वेगळाच. वजन करण्याआधी मीठ चारून पाणी पाजणारे महाभागही आहेत.

त्यामुळे बोअरच्या संकराचा 55 आणि गावठीचा 45 असे आकडे शेजारी छापले, की आधी विचारावं: दोन्ही सारखेच मोजलेत का? फणसाच्या पाल्यावर वाढलेल्या बोकडाचं पोट खुराकावरच्या बोकडापेक्षा भरलेलं असतं. त्याचा उतारा तिथेच घसरतो आणि खापर जातीवर फुटतं. संकरित करडं वेगाने वाढतात, यात वाद नाही. त्याच वजनाला ती वयाने कोवळी असतात, आणि कोवळं मटण लवकर शिजतं. हे बोअरच्या बाजूने मान्य करावंच लागेल. पण पहिल्या पिढीतला बराचसा जोम संकराचा असतो. त्या संकरित बोकडांनाच पुढे संकरित शेळ्यांवर पैदाशीला लावलं, की आपसातल्या पुढच्या पिढीत तो निम्म्यावर येतो आणि करडं एकसारखी निघत नाहीत.

धडाचे गुण, म्हणजे उतारा, मांस-हाडाचं प्रमाण, चरबी, बापाकडून पिलांत बऱ्यापैकी उतरतात. करडं जगण्याचा गुण फार कमी उतरतो. निवड करणाऱ्याला म्हणूनच पहिलं सोपं वाटतं. अडचण अशी, की बोकडाचा उतारा पाहायचा तर तो कापावा लागतो आणि कापलेला बोकड पैदाशीला येत नाही. मग त्याच्या भावंडांवरून किंवा पिलांवरून अंदाज बांधायचा. पाच-सहा शेळ्यांच्या दावणीला हे कसं जमणार?

तिथे उलटंच घडत आलंय. सगळ्यात झपाट्याने वाढलेला बोकड शिमग्याला, गटारीला नाहीतर बकरी ईदला सगळ्यात आधी जातो. उरलेला, कुणी न उचललेला, गावभरच्या शेळ्यांना लागतो. पिढ्यान्पिढ्या ही निवड चालू आहे आणि तिचं नाव कुठल्याच योजनेत नाही. माझ्या मते कन्याळचा ‘कमी उतारा’ हा जातीपेक्षा या सवयीचा आहे.

पाऊस हा वेगळा परीक्षक. जून ते सप्टेंबर शेळ्या माचावर, पाला कापून आणायचा, खूर कुजतात, रक्त पिणारे जंत वाढतात. भर पावसात जन्मलेली करडं जगवणं हे कौशल्य आहे. घाटावरच्या कोरड्या हवेतले आकडे इथे थेट लागू करणं ही चूक अनेकांना महाग पडली.

आता शहरातले खरेदीदार फोनवर जिवंत वजनाचा भाव देतात आणि काटा गावातही आलाय. उक्त्या सौद्यातली घासाघीस तेवढी तोलायच्या वेळेवर सरकली: विकणारा म्हणतो संध्याकाळी तोला, घेणारा म्हणतो सकाळी येतो, काही खायला घालू नका.